ओहोटी, अमावास्या आणि खेकडा

सह्याद्रीतल्या ट्रेकचं नियोजन एका वाक्यात उरकतं. शनिवारी रात्रीची शेवटची कसारा, पुढून तिसरा डबा. ज्याला यायचं तो येतो, ज्याला यायचं नसतं त्याचा फोन लागत नाही. पहाटे पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी ओटीवर चहा मिळतो, गडावर कोणी मामा पिठलं-भाकरीचं बघतात, आणि वाट चुकलीच तर गुरं राखणारं एखादं पोर हातातली काठी उचलून दिशा दाखवतं. फार तर दोरी कोण आणणार आणि कांदे कोण आणणार एवढाच प्रश्न उरतो. कांदे नेहमी दोघे आणतात, दोरी कोणीच आणत नाही.

व्हँकुव्हरला येऊन राहिलेल्या मराठी माणसाच्या नशिबात हे सुख नाही. इथे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘वेस्ट कोस्ट ट्रेल’ नावाची वाट आहे. लांबी ७५ किलोमीटर. उत्तरेचं टोक बॅमफील्डजवळ पाचेना बे इथे, दक्षिणेचं पोर्ट रेनफ्रूजवळ गॉर्डन नदीपाशी. एका हाताला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या हाताला सीडर आणि हेमलॉकचं जंगल, मधे रस्ता नाही, आणि बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही. लोकांना साधारण आठवडा लागतो. पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरकर यावर हसतील, पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिने झोडपतो आणि मग निदान स्ट्रॉबेरी पिकू देतो. इथला ऐन उन्हाळ्यातही मधूनच येऊन जातो, त्यामुळे वाटेवरचा चिखल कधी पूर्ण वाळतच नाही. १ मे ते ३० सप्टेंबर एवढेच दिवस वाट उघडी असते, रोज मोजक्याच माणसांना आत सोडतात आणि त्यासाठी जानेवारीत आरक्षण करावं लागतं. म्हणजे जुलैमध्ये चिखलात पडायचं असेल तर जानेवारीत पैसे भरायचे. माणशी शंभराहून अधिक डॉलर.

ही वाट हौसेखातर झालेली नाही. हू-आय-आट, डिटिडाट आणि पचीडाट हे इथले मूळ रहिवासी. त्यांच्या पाऊलवाटा आणि होड्यांचे मार्ग फार जुने. पुढे तारायंत्राची तार याच किनाऱ्याने गेली. मग २२ जानेवारी १९०६च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेली ‘व्हॅलेन्शिया’ नावाची आगबोट खराब हवेत इथल्या सामुद्रधुनीचं तोंड हुकून पाचेनाजवळच्या खडकांवर आदळली. किनारा डोळ्यांपुढे होता, पण लाटांतून तिथवर पोचता येत नव्हतं. शंभराहून जास्त माणसं गेली. एकही बाई, एकही मूल वाचलं नाही. त्यानंतर सरकारने पाचेनाला दीपगृह बांधलं आणि तारेच्या कडेने वाट रुंद केली. फुटलेल्या जहाजातून कोणी किनाऱ्याला लागलंच तर त्याला जंगलातून बाहेर पडता यावं, हा हेतू. ज्यांचं सगळं बुडालं त्यांना बाहेर काढायला केलेल्या वाटेत आता सगळं धडधाकट असलेली माणसं टायटॅनियमचे चमचे घेऊन आत शिरतात. यात मीही आले, म्हणून जास्त बोलत नाही.

आमच्या गटाची पहिली बैठक आमच्याकडेच झाली. पुणेकर मित्र लॅपटॉप घेऊन आला. मालवणी मित्र रिकाम्या हाताने आला आणि आल्याआल्या ताटाकडे बघून ‘मासे नाहीत?’ म्हणाला. सोलापूरच्या वहिनी शेंगांच्या चटणीची बरणी घेऊन आल्या. नवरा घरचाच. त्याने ‘अस्वल’ हा विषय आधीच राखून ठेवला होता.

पुणेकराने तक्ता उघडला. तो पुण्यात असताना सिंहगड पन्नास मिनिटांत चढायचा, ही माहिती त्याने न विचारता दिली, तशी ती तो नेहमीच देतो. त्याच्या हिशोबाने ताशी ४ किलोमीटर धरले तर ७५ किलोमीटरना पावणेएकोणीस तास. “म्हणजे तसं पाहिलं तर शनिवार-रविवारचं काम आहे,” तो म्हणाला. मग कोणीतरी त्याला दक्षिण टोकाची माहिती वाचायला दिली. थ्रॅशर कोव्ह ते गॉर्डन नदी हे अंतर पाच-सहा किलोमीटर, आणि त्याला चार ते सहा तास लागतात. त्याने ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग त्या रकान्यात वेग टाकला. तक्ता तांबडा झाला. पुढच्या रकान्यात झोपेचे तास होते, ते उणे आले.

इतका वेळ का लागतो, हे सपाट टेबलापाशी बसून कळत नाही. झाडांची मुळं जमिनीच्या वर येऊन एकमेकांत गुंतलेली असतात आणि ती सदैव ओली. पाऊल ठेवायला जागा आहे असं वाटतं तिथे कुजलेली फळी असते. आडवा पडलेला सीडरचा ओंडका माणसाच्या छातीइतका उंच, त्याच्यावर चढायला खाचा कोरलेल्या. ओढ्याशी आलं की शिडी खाली, ओढा ओलांडला की शिडी वर, आणि काही ठिकाणी एका शिडीच्या डोक्यावर दुसरी, तिच्या डोक्यावर तिसरी. पाठीवरची पिशवी मागे ओढत असते. शिडीच्या पायरीवर आधीच्या माणसाच्या बुटाचा चिखल असतो.

आणि चिखलाचे खड्डे. हे जरा जवळून सांगते. काळ्या पाण्याची एक थाळीभर जागा दिसते, कडेला नेच्याची पानं, मधे कोणा परोपकारी माणसाने टाकलेला लाकडाचा गोल तुकडा. नवखा माणूस आधी काठी बुडवून बघतो. काठी घोट्याइतकी जाते. तो त्या लाकडी तुकड्यावर पाय देतो. तुकडा फिरतो. काठी जिथे बुडवली होती तिथे पाय जातच नाही, तो शेजारी जातो, गुडघ्यापर्यंत. मग पाय वर येतो, बूट येत नाही. बूट काढायला हात घालावा लागतो, आणि हात घालताना दुसरा पाय ठेवायला जागा लागते. उद्यानवाल्यांचं सांगणं असं की खड्डा चुकवू नका, सरळ त्यातून जा. प्रत्येक जण कडेने गेला की खड्डा रुंदावत जातो आणि आजूबाजूची रोपं मरतात. आपण शेताच्या बांधावरून चालायला शिकलेली माणसं, मधोमध जायला मन घेत नाही. पण पहिल्यांदा गुडघाभर गेलं की मोजेही भिजतात आणि मनही तयार होतं.

मालवणी मित्राने आईला फोनवर हे वर्णन ऐकवलं. तिने लावणीत उभी हयात घालवलेली. ती शांतपणे म्हणाली, “चिखलात बूट कित्याक घालतास?” या प्रश्नाला आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आलं नाही. गुडघ्यापर्यंतच्या गेटरांची किंमत तिला सांगायचं धाडस तर कोणालाच झालं नाही.

दुसरी बैठक वजनाची. पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या साधारण पाव हिश्श्यापर्यंत असावं, असा एक ढोबळ नियम आहे. माझ्या नवऱ्याचं वजन ९२ किलो. त्याने लगेच जाहीर केलं की त्याला २३ किलो न्यायचा अधिकार आहे. ज्या पोटाबद्दल डॉक्टरांनी त्याला वर्षभर बोल लावले त्याच पोटाच्या जोरावर तो इतरांपेक्षा जास्त सामान मागत होता. वहिनींचं वजन ५२, त्यांना तेराच किलो. “मग मी आधी लाडू खाऊन वजन वाढवते, म्हणजे लाडू न्यायला जागा होईल,” त्या म्हणाल्या, आणि पुणेकराने हे सूत्र तक्त्यात बसतंय का ते खरंच करून पाहिलं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा मांडला होता. ज्या काट्यावर एरवी केकचं पीठ मोजतात त्याच्यावर त्या दिवशी मोजे, दोरी, प्लॅस्टर, टॉर्च असं सगळं चढून उतरत होतं. पुणेकराने टूथब्रशचा दांडा करवतीने कापून आणला होता. नऊ ग्रॅम वाचले होते आणि ते त्याने दोनदा सांगितले. मग त्याच्याच पिशवीतून बाकरवडीचा अर्धा किलोचा पुडा निघाला. “हे अन्नात धरायचं,” तो म्हणाला. वहिनींच्या औषधांच्या डब्यात ओवा, सुंठ, इलेक्ट्रॉल, क्रेप बँडेज आणि अमृतांजनच्या दोन बाटल्या. दोन कशाला, विचारलं तर म्हणाल्या, “एक हरवली तर?” या युक्तिवादाने सगळ्याच वस्तू दोन-दोन झाल्या असत्या, पण मालवणी मित्राने तो तिथेच थांबवला. त्याने स्वतःची पिशवी काट्यावर ठेवलीच नाही. गळ आणि दोरा होता म्हणे. मासेमारीचा वेगळा परवाना लागतो हे सांगितल्यावर त्याने ते परत खिशात घातलं, पिशवीत नाही.

वजनाचा संबंध फक्त पाठीशी नाही, हे पाळण्यांमुळे लक्षात आलं. काही नद्यांवर पूल नाहीत, तार ओढलेली आहे आणि तिला टांगलेला छोटा पिंजरा. त्यात दोन माणसं आपापल्या पिशव्यांसकट समोरासमोर बसतात. सोडलं की पिंजरा आपोआप घरंगळत मधोमध येतो आणि थांबतो, खाली नदी. तिथून पुढे चढ, आणि तो दोर हाताने ओढत ओढत पार करायचा. नवरा ९२ अधिक २३. त्याच्यासमोर कोण बसणार, या प्रश्नावर टेबलाभोवती एकदम सगळ्यांना पाणी प्यावंसं वाटलं. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. सप्तपदीत नदीच्या मधोमध दोर ओढण्याचं कलम कुठे होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

मग अस्वल. नवऱ्याने तीन तास घेतले. या किनाऱ्यावर काळी अस्वलं आहेत, कूगर आहेत, लांडगेही आहेत, हे खरं. अन्न आणि वास येणारी प्रत्येक वस्तू रात्री तंबूबाहेर, मुक्कामाच्या मोठ्या जागांवर लोखंडी पेट्या असतात त्यांत कुलूपबंद करायची, हेही खरं. टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम, सगळं पेटीत. पण त्या यादीत हिंगाचा उल्लेख नाही. मेतकुटाचा नाही, लसणाच्या चटणीचा नाही. ही यादी करणाऱ्यांना वास या शब्दाची व्याप्तीच माहीत नव्हती. वहिनींचं म्हणणं, त्या चटणीला अस्वल जवळ येणार नाही. नवऱ्याचं म्हणणं, पलीकडच्या बेटावरूनही येईल. प्रयोग म्हणून आम्ही हिंगाची डबी तीन पिशव्यांत एकात एक घालून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ते स्वेटरांचं कपाट आहे हे कोणालाही पटलं नसतं.

आता गंमत अशी, की या वाटेवर माणसं जायबंदी होतात ती अस्वलामुळे नव्हे. दरवर्षी कितीतरी जणांना बोटीने बाहेर काढावं लागतं, आणि बहुतेकांचं कारण एकच: ओली फळी, ओला ओंडका, ओला खडक. पाय सटकला, गुडघा किंवा घोटा गेला. अस्वलावर तीन तास बोलून झाल्यावर मी घसरण्याचा विषय काढला. “बघून चालायचं,” नवरा म्हणाला, आणि बैठक संपली. मराठी माणसाला नाट्य असलेलीच भीती पटते. ओल्या फळीची भीती बाळगायला कोणाला आवडत नाही, परतल्यावर ती सांगताही येत नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र आमचा गट या खंडातल्या कुठल्याही गटाच्या पुढे होता, हे अभिमानाने सांगते. इथल्या दुकानांत वाळवलेल्या जेवणाची पाकिटं मिळतात. गरम पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि पास्ता आहे असं समजून खायचं. एका पाकिटाच्या किमतीत आपल्याकडे एक थाळी येते. वहिनींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, हे वाळवण आहे!” त्या दिवसापासून त्यांच्या ओव्हनला विश्रांती नाही. गच्चीही नाही आणि ऊनही नाही, म्हणून ओव्हन सगळ्यात मंद ठेवायचा, दार जरासं उघडं. ट्रेवर तुरीचं घट्ट वरण पातळ पसरायचं. सकाळी त्याचे पिवळे पापुद्रे निघतात. ते चुरून पिशवीत. तसाच भात शिजवून वाळवायचा. तशीच वांग्याची भाजी, पण वांगं वाळल्यावर ते वांगं आहे हे सांगावं लागतं. शिवाय सोलापूरची कडक भाकरी. महिनाभर टिकते, शिजवावी लागत नाही, वजनाला काही नाही. तिचा एकच दोष, पिशवीत उभी ठेवली तर जागा खाते आणि आडवी ठेवली तर तिच्यावर कोणीतरी बसतं. पण तुटलेली कडक भाकरी आमटीत घातली की तिचं काय बिघडलं? पुणेकराने ग्रॅममागे किती कॅलरी असा रकाना केला होता, त्यात साजूक तूप पहिलं आलं. कित्येक वर्षांत तुपाचा इतका गौरव कुठल्याही डॉक्टरने केलेला नाही.

पाणी ओढ्यांचं, गाळून किंवा उकळून प्यायचं. सीडरच्या पानांमुळे आणि सालींमुळे त्याचा रंग बिनदुधाच्या चहाचा असतो. त्या पाण्यात भिजवलेला वरणभात कसा दिसेल, यावर आम्ही मुद्दामच चर्चा केली नाही.

खरा पेच दिशेचा होता. पाचेनाहून शिरायचं की गॉर्डन नदीहून? उत्तरेचा भाग सोपा: रुंद वाट, लांबच लांब पुळणी, त्सुसिअ‍ॅटचा धबधबा थेट समुद्रकिनाऱ्यावर पडणारा. दक्षिणेचा भाग म्हणजे वर सांगितलेला सगळा छळ. नवरा म्हणे, अवघड ते आधी उरकावं. पुणेकर म्हणे, अवघड भागात पिशवी हलकी हवी, आठवडाभराचं अन्न पाठीवर घेऊन शिड्या चढायच्या म्हणजे मूर्खपणा. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून महिनाभर निकाल लागला नाही. बायका कोणत्या बाजूने बोलतात याची दोघेही वाट बघत होते. बायका वरण वाळवत होत्या.

निकाल लावला मालवणी मित्राने, आणि तोही वेगळ्याच दाराने आत येऊन. वाटेवर ३२व्या किलोमीटरला नितिनाट नॅरोज लागतं. तिथे समुद्राच्या पाण्याची अरुंद, वेगवान नळी आहे, पोहून जायची सोय नाही, डिटिडाट लोक होडीने पलीकडे सोडतात. त्याच धक्क्यावर ते ताजा खेकडा शिजवून देतात. डोळ्यांदेखत पाण्यातून काढलेला. सामनही मिळतो, आणि जे काहीच खात नाहीत त्यांना भाजलेला बटाटा. हे वाचल्यापासून मालवणी मित्राच्या लेखी ७५ किलोमीटरच्या त्या वाटेवर एकच ठिकाण उरलं होतं.

आणि हवा सगळ्यात बरी जुलैच्या उत्तरार्धात. त्यानंतर ऑगस्टात या किनाऱ्यावर धुकं बसतं; इथले लोक त्या महिन्याला थट्टेने ‘फॉगस्ट’ म्हणतात. पण जुलै-ऑगस्ट म्हटलं की श्रावण. मालवणी मित्र देवभोळा नाही, पण श्रावणात तो खात नाही. आईला शब्द दिलाय. फ्रिजच्या बाजूला टांगलेलं कालनिर्णय खाली आलं. दीप अमावास्येच्या आत नितिनाट गाठायचं, ही पहिली अट तक्त्यात चढली. पुणेकराने कपाळाला हात लावला, पण रकाना केला.

दुसरी अट समुद्राने घातली. दक्षिणेला ओवेन पॉइंट म्हणून एक जागा आहे, लाटांनी खडक कोरून गुहा आणि कमानी केलेली. तिथून जायचं तर ओहोटी हवी, पाणी १.८ मीटरच्या खाली असेल तरच वळसा घालता येतो, नाहीतर जंगलातून, म्हणजे चिखलातून. मालवणी मित्राला भरती-ओहोटी कोणी शिकवायला नको. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, हे कोकणातलं गणित त्याला लहानपणापासून पाठ. त्याने ते ऐटीत मांडलं. पण चंद्र तोच असला तरी प्रत्येक बंदराचं वेळापत्रक वेगळं, आणि इथल्या दिवसाच्या दोन ओहोट्यांत एक चांगली खोल जाते, दुसरी नावापुरती. पाऊणपट बसेना. शेवटी याच किनाऱ्यावरच्या टोफिनोच्या भरतीचा सरकारी तक्ता काढला. त्यात वेळ हिवाळ्याच्या घड्याळाची, म्हणून उन्हाळ्यात एक तास मिळवायचा. पुणेकराने मिळवला. नवऱ्याने खात्री करताना परत मिळवला. वहिनींनी ‘मिळवला का?’ विचारलं तेव्हा दोघेही एकदम ‘हो’ म्हणाले आणि आम्ही कागदावर एक तास उशिरा, गळ्याइतक्या पाण्यात उभे होतो.

पण मालवणी मित्राचं एक ज्ञान पक्कं ठरलं. अमावास्येच्या सुमारास, आणि त्यानंतर एक-दोन दिवस, उधाण असतं. भरती उंच चढते तशी ओहोटीही खोल जाते. आणि उन्हाळ्यात या किनाऱ्यावर ती खोल ओहोटी सकाळच्या बाजूला येते. म्हणजे ओवेन पॉइंट अमावास्येनंतर लगेच, सकाळी. आणि खेकडा अमावास्येच्या आधी. त्याने पेन घेतलं आणि बाकरवडीच्या पुड्यावरच लिहिलं: उत्तरेहून शिरलो तर तिसऱ्या दिवशी नितिनाट, अमावास्येच्या आदल्या दिवशी. आणखी तीन दिवसांनी ओवेन पॉइंट, अमावास्या होऊन दोन दिवस. ओहोटी खोल, पिशव्या हलक्या, खेकडा पोटात, श्रावण शाबूत.

कोणी काही बोललं नाही. महिनाभर जो प्रश्न तक्त्याने सुटला नव्हता तो खेकड्याने सोडवला होता. पुणेकराने पाचेनाचा रकाना हिरवा केला. वर ‘मी हेच म्हणत होतो’ असंही म्हणाला, आणि ते खरंही होतं, पण त्याच्या कारणात कोणाला चव नव्हती.

जानेवारीत आरक्षण उघडलं त्या सकाळी आपापल्या ठिकाणी आपापली स्क्रीन लावून आम्ही बसलो. आधी येऊन बसल्याचा इथे काही फायदा नाही. वेळ झाली की संगणक चिठ्ठ्या टाकतो आणि कोणाचा क्रमांक कुठे ते ठरवतो. पुणेकराला हे मान्य नव्हतं. तो साडेसहापासून बसला होता. त्याचा क्रमांक सगळ्यात मागे लागला. वहिनींनी सात पन्नासला फोन उघडला, मधे कुकर लावला, आणि त्यांचा सगळ्यात पुढे. पण त्या आत शिरेपर्यंत हव्या त्या तारखा गेल्या होत्या. दोन दिवस पुढची मिळाली. म्हणजे ओवेन पॉइंटची ओहोटी अजूनही बरी, पण नितिनाट अमावास्या उलटल्यावर. श्रावणाच्या पहिल्याच दिवशी.

मालवणी मित्राने शेवटची धडपड केली. व्हँकुव्हर भारताच्या साडेबारा तास मागे, तेव्हा इथे श्रावण साडेबारा तास उशिरा लागतो आणि दुपारचा खेकडा त्याच्यात बसतो, असं त्याचं म्हणणं. वहिनींनी ते मोडून काढलं. तिथी सूर्य-चंद्रावर ठरते, ती सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी संपते, घड्याळं मागेपुढे केल्याने अमावास्या लांबत नाही. सोलापूरकडे पंचांग पक्कं असतं.

मग त्याने थेट आईलाच विचारलं. आईने श्रावणाचं काही काढलं नाही. एका खेकड्याला किती पडतात ते विचारलं. त्याने डॉलरचे रुपये करून सांगितले. पलीकडे जरा वेळ आवाज नाही. “तेवढ्या पैशात हंयसर टोपलीभर कुर्ल्यो येतीत,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला. याचा अर्थ परवानगी की मनाई, यावर गटात अजून दोन तट आहेत.

तुम्हाला जायचं असेल तर आरक्षण जानेवारीत उघडतं, कालनिर्णय डिसेंबरातच आणून ठेवा. पाचेनाहून शिरा. एक तास एकाच माणसाला मिळवू द्या. मोजे वाटतात त्याच्या दुप्पट न्या, तिथे काही वाळत नाही. ओल्या फळीवर बोलणं थांबवून चाला. आणि नितिनाटच्या खेकड्यासाठी थोडे रोख पैसे जवळ ठेवा.